भ्रूणाला विचारलेले प्रश्न

आजचा विषय ऐकल्यावर काहींना प्रश्न पडला असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात हा कुठून आला? आयव्हीएफमध्ये शरीराबाहेर भ्रूण तयार होतात. ते गर्भाशयात सोडण्याआधी त्यांची जनुकीय तपासणी करायची आणि त्यावरून कोणता भ्रूण ठेवायचा, कोणता नाही हे ठरवायचं. अमेरिकेत काही कंपन्या आता ही तपासणी पॅकेजसारखी विकतात. मधुमेहाचा धोका किती, स्किझोफ्रेनियाचा किती, उंची किती होईल, अशी भ्रूणांची गुणपत्रिकाच आईवडिलांच्या हातात पडते. हे सगळं कालपरवाचं वाटतं. पण आमचं म्हणणं असं, की या बाजाराची एक मोठी तालीम आपल्याच राज्यात, मुंबईत होऊन गेलेली आहे. तो इतिहास नीट पाहिला, तर आजच्या जाहिराती कशा वाचायच्या ते आपल्याला कळेल.

आधी एक शब्दाचा खुलासा. ‘स्त्रीभ्रूणहत्या’ म्हणताना आपण पोटातल्या काही महिन्यांच्या गर्भालाही भ्रूण म्हणतो. आज भ्रूण म्हणजे काचेच्या बशीत वाढणारा, पाच-सहा दिवसांचा पेशींचा गोळा. पोटातल्यासाठी आपण गर्भ म्हणू. हा फरक नुसता शब्दांचा नाही. पुढे कोर्टात याच फरकावर युक्तिवाद झाला, ते येईलच.

तर १९८६ साल घ्या. ६ ऑगस्टला परळच्या केईएम रुग्णालयात एका मुलीचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजननविषयक संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या चमूचं हे काम. व्यवस्थित शास्त्रीय नोंदी असलेली ही भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. त्याआधी १९७८ मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हे करून दाखवलं होतं, पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांचं श्रेय त्यांना मिळावं म्हणून पुढे झटले ते हेच आनंदकुमार. विज्ञानाच्या इतिहासात असा मोठेपणा क्वचित दिसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता त्याच वर्षी, त्याच शहरात घडलेली दुसरी गोष्ट. राज्य सरकारच्या आरोग्य खात्यासाठी डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. प्रश्न साधा होता. गर्भजल परीक्षा करून तुम्ही मुलगा की मुलगी ते सांगता का? ५० पैकी ४२ जण ते करत होते. म्हणजे शंभरातले ८४.

गर्भजल परीक्षा इथे आली कशासाठी? गर्भात गुणसूत्रांचा दोष आहे का ते पाहण्यासाठी. १९७० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये तिचे प्रयोग सुरू झाले. गर्भाभोवतीचं पाणी सुईने काढायचं, त्यातल्या पेशी वाढवायच्या, गुणसूत्रं बघायची. गुणसूत्रं बघितली की लिंग आपोआप कळतं. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. झालं असं, की मुलगी आहे कळल्यावर बायका गर्भपात मागू लागल्या. मग सरकारने सरकारी रुग्णालयांत लिंग सांगण्याला बंदी केली. पण बंदी कुठे? फक्त सरकारी रुग्णालयांत. खाजगी दवाखान्यांना मोकळं रान मिळालं. १९७९ च्या सुमारास अमृतसरमध्ये जाहिराती झळकल्या, आणि बघता बघता हा धंदा मुंबईत, मग जिल्ह्याच्या गावांत पसरला. आज काहीशे रुपये खर्च करा, उद्याचे हुंड्याचे लाखो वाचवा, असा या जाहिरातींचा सूर असायचा. बाजाराचं गणित किती उघडं होतं बघा. मुलगी हा खर्च, आणि चाचणी ही बचत.

याच्या विरोधात मुंबईत जे लोक उभे राहिले त्यांचा विचार आज पुन्हा वाचण्यासारखा आहे. स्त्री संघटना, डॉक्टर, वकील, विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते यांनी मिळून लिंगनिदान आणि लिंगनिवडीविरोधी मंच काढला. विधानसभेत मृणाल गोरे यांनी प्रश्न लावून धरला. या मंडळींपुढे पेच मोठा होता. १९७१ च्या कायद्याने बाईला गर्भपाताचा रस्ता मोकळा झाला होता. ‘गर्भ पाडणं म्हणजे खून’ असं म्हटलं असतं तर प्रचाराला जोर आला असता, पण त्या हक्कावर कुऱ्हाड पडली असती. म्हणून त्यांनी बोट ठेवलं ते चाचणीवर. बाईला मूल नको असेल तर तो तिचा निर्णय. पण मूल हवंय आणि केवळ ते मुलगी आहे म्हणून नकोय, तर हा निर्णय तिचा एकटीचा राहत नाही. त्यात सासर आलं, हुंडा आला, अख्खा समाज आला. आणि त्या निर्णयासाठी यंत्र पुरवून पैसे घेणारा डॉक्टर आला.

डॉक्टरांची बाजू काय होती? ‘पेशंट मागतो म्हणून आम्ही करतो. तीन मुली झालेल्या बाईची आणखी बाळंतपणं वाचवतो, ही सेवाच आहे.’ हे वाक्य लक्षात ठेवा. ‘लोकांना हवंय, आम्ही फक्त माहिती देतो.’ चाळीस वर्षांनी ते पुन्हा ऐकायचंय.

१९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशातला या विषयावरचा पहिला कायदा. पण तो राज्यापुरता होता. हद्द ओलांडली की संपला. म्हणून मग केंद्राचा कायदा, १९९४ चा. तो लागू झाला १ जानेवारी १९९६ ला. त्याचं सूत्र सरळ आहे. तंत्रावर बंदी नाही, हेतूवर बंधन आहे. गुणसूत्रांतले दोष, चयापचयाचे जनुकीय आजार, थॅलेसेमियासारखे रक्ताचे आजार, लिंगाशी जोडलेले आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंगं, अशी यादी दिली आणि सांगितलं, यासाठी तपासा, लिंग सांगण्यासाठी तपासू नका.

आता जरा लंडनला जाऊ, कारण आयव्हीएफ आणि जनुकीय चाचणी हे दोन प्रवाह तिथे एकत्र आले. १९९० मध्ये हॅमरस्मिथ रुग्णालयात ॲलन हँडीसाइड आणि रॉबर्ट विन्स्टन यांच्या चमूने आयव्हीएफच्या भ्रूणातली एक पेशी काढून तपासली. त्या जोडप्यांच्या घराण्यांत असे गंभीर आजार होते जे एक्स गुणसूत्रातून येतात आणि मुख्यतः मुलग्यांना होतात. नेमका दोष शोधण्याची सोय तेव्हा नव्हती. मग त्यांनी काय शोधलं? वाय गुणसूत्र आहे की नाही एवढंच. आणि वाय नसलेले, म्हणजे मुलींचे भ्रूण गर्भाशयात सोडले.

इथे जरा थांबू या. गर्भाशयात सोडण्यासाठी माणसाच्या भ्रूणाची जगात पहिल्यांदा यशस्वी चाचणी झाली, ती लिंगाची होती. मुलींना निवडण्यासाठी. तेच तंत्र आपल्याकडे आलं आणि पाटी उलटी झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या एका वंध्यत्वाच्या क्लिनिकने हे उघडपणे मुलगा निवडण्यासाठी देऊ केलं. २००१ च्या सुमारास अमेरिकेतल्या भारतीयांसाठी निघणाऱ्या वृत्तपत्रांतही लिंग निवडून देण्याच्या जाहिराती येत होत्या. तेव्हा वाय गुणसूत्र शोधणारी चाचणी स्वतः कोणाच्या बाजूची नसते. तिला प्रश्न कोण विचारतंय आणि उत्तराचं काय करणार आहे, यावर सगळं ठरतं.

१९९४ च्या कायद्यात गर्भ होता, पण बशीतला भ्रूण आणि गर्भधारणेपूर्वीची निवड यांचा स्पष्ट उल्लेख नव्हता. क्लिनिकांना ही फट सापडली. २००० मध्ये मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सरकारांना फैलावर घेतलं, आणि २००३ मध्ये कायदा बदलला. गर्भधारणेपूर्वी किंवा नंतर, भ्रूण असो की गर्भ, लिंगनिवड बेकायदा. मग काही जोडपी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एका जोडप्याला दोन मुली होत्या. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही कोणाला मारत नाही, गर्भ पाडत नाही, गर्भ राहण्याआधीच निवडतो, मग यात हत्या कुठे आली? कुटुंबात समतोल हवा, एवढंच. वर सांगितलेला शब्दांचा फरक तो हा. २००७ मध्ये न्यायालयाने हे फेटाळलं. न्यायालयाच्या दृष्टीने गर्भ राहण्याआधी निवडलं काय नि नंतर, मुलीला कमी लेखणं तेच राहतं.

आणि या सगळ्याची किंमत? शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ ला ९४६ मुली होत्या. २००१ ला ९१३. २०११ ला ८९४. बीड जिल्ह्यात तर २०११ ला ८०७. हे आकडे मुख्यतः सोनोग्राफी आणि गर्भपाताचे आहेत, भ्रूणचाचणीचा वाटा त्यात नगण्य. महाग तंत्र होतं ते. पण कायद्यात देशाच्या पुढे असलेल्या राज्याचे हे आकडे आहेत. कायदा येईपर्यंत धंदा रुजलेला असतो, गावोगाव यंत्रं पोचलेली असतात, आणि मग कायदा नोंदवह्या तपासत मागून धावतो.

आता कोणी म्हणेल, मग भ्रूणचाचणी वाईटच का? नाही. थॅलेसेमियाचं बघा. भारतात शंभरात तीन ते चार माणसं याच्या वाहक असतात. सिंधी, कच्छी भानुशाली, लोहाणा अशा काही समाजांत प्रमाण बरंच जास्त, म्हणून मुंबई-उल्हासनगर भागातल्या डॉक्टरांना हा आजार चांगला ओळखीचा आहे. नवरा-बायको दोघं वाहक असले तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. मेजर थॅलेसेमिया म्हणजे दर काही आठवड्यांनी रक्त चढवणं, आयुष्यभर. अशा घराला भ्रूणचाचणी खरा आधार देते. एक जनुक, माहीत असलेला दोष, स्पष्ट उत्तर. या उपयोगालाही प्रश्न विचारणारे आहेत. अपंगांच्या हक्कांच्या चळवळीतली माणसं विचारतात, की ‘टाळण्यासारखं आयुष्य’ कोणतं हे ठरवणार कोण? तो प्रश्न रास्त आहे, आणि त्याची गुंडाळी करून पुढे जाऊ नये. पण निदान इथे चाचणी जे सांगते ते खरं असतं. पुढच्या दोन पायऱ्यांवर तेही नक्की सांगता येत नाही.

पहिली पायरी. नव्वदच्या दशकात क्लिनिकं म्हणू लागली, की वय वाढलेल्या बायकांच्या भ्रूणांत गुणसूत्रं कमी-जास्त असतात, ती आधीच तपासली तर गर्भ राहण्याची शक्यता वाढेल. ऐकायला पटतं. लाखो रुपये आणि मन दोन्ही पणाला लावलेल्या जोडप्याला तर पटतंच पटतं. चाचणी धडाधड विकली गेली. प्रत्यक्ष तुलना करून पाहिली ती नेदरलँड्समधल्या संशोधकांनी. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले. ३५ ते ४१ वयाच्या ४०८ स्त्रिया. चाचणी न केलेल्या गटात ३७ टक्के स्त्रियांचा गर्भ टिकला. चाचणी केलेल्या गटात २५ टक्के. चाचणीने फायदा सोडा, नुकसानच झालं.

मग धंदा बंद झाला का? छे. तंत्र सुधारलं, नाव बदललं. आता एका पेशीऐवजी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या पाच-सहा पेशी घेतात. पण हा थर म्हणजे पुढे ज्याची वार होते तो भाग. बाळ होतं ते आतल्या पेशींपासून. एकाच भ्रूणात काही पेशी बरोबर आणि काही सदोष असंही असतं. २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी असे १८ मिश्र भ्रूण गर्भाशयात सोडले, त्यांतून सहा निरोगी बाळं जन्मली. म्हणजे अहवालावर शेरा ‘सदोष’ आणि मूल ठणठणीत. अशा शेऱ्यामुळे किती भ्रूण टाकून दिले गेले असतील? चाळिशीतल्या बाईकडे एकूण दोनच भ्रूण असतात कधी कधी. २०१९ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय तुलनेतही या नव्या चाचणीचा सरसकट फायदा दिसला नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत स्त्रियांनी अशा चाचण्या विकणाऱ्या कंपन्यांवर, आमची दिशाभूल केली म्हणून, दावे दाखल केले.

दुसरी पायरी, म्हणजे सुरुवातीला सांगितलेली गुणपत्रिका. मधुमेह, उंची, बुद्धी हे एका जनुकाचे खेळ नव्हेत. हजारो जनुकांचे बारीक बारीक वाटे, त्यात आहार, शाळा, नशीब. त्या वाट्यांची बेरीज करून एक अंक काढतात आणि त्यावरून भ्रूणांना क्रम लावतात. न्यू जर्सीतल्या ‘जिनोमिक प्रेडिक्शन’ या कंपनीने हे प्रथम बाजारात आणलं. पुढे ‘ऑर्किड’ने प्रत्येक भ्रूणाचा पूर्ण जिनोम वाचून देण्याचे २,५०० डॉलर लावले, २०२५ मध्ये ‘न्यूक्लियस’ने ५,९९९ डॉलरचं पॅकेज काढलं. आयव्हीएफचा खर्च वेगळा.

या पैशात मिळतं काय? २०१९ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शाय कार्मी यांच्या गटाने हिशेब मांडला. दहा भ्रूणांतून सर्वात वरच्या अंकाचा निवडला, तर सरासरी फायदा उंचीत सुमारे अडीच सेंटिमीटर, बुद्ध्यंकात सुमारे अडीच गुण. तोही सरासरीने. मग त्यांनी भरपूर मुलं असलेली २८ खरी कुटुंबं घेतली, मुलं मोठी झालेली. अंकानुसार जो सर्वात उंच असायला हवा, तो प्रत्यक्षात सर्वात उंच निघाला फक्त सात कुटुंबांत. आणि दहा भ्रूण किती जणींकडे असतात? आणखी एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची. हे अंक बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत. कोल्हापूरच्या किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी जोडप्याला ते लावले, तर आधीच पातळ असलेलं उत्तर आणखी पातळ होतं.

जाहिरातीत मात्र लिहितात, ‘धोका निम्मा.’ इथे पेन-कागद घ्यायचा. एखाद्या आजाराचा धोका शंभरात एक असेल आणि तो निम्मा झाला, तर फरक पडला दोनशेत एकाचा. म्हणजे दोनशे जोडप्यांनी पैसे भरावेत तेव्हा एका मुलाचा आजार टळणार, आणि तो कोणाचा ते कधीच कळणार नाही. गिऱ्हाईक तक्रारही करू शकत नाही. मूल आजारी पडलं तर ‘आम्ही शक्यता सांगितली होती’, नाही पडलं तर ‘बघा, आमच्यामुळे’. १९८६ ची गर्भजल परीक्षा निदान मुलगा की मुलगी ते बरोबर सांगत होती. २०२१ मध्ये युरोपातल्या मानवी जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने या प्रकाराला सिद्ध न झालेला आणि अनैतिक म्हटलं. विकणारे म्हणतात, आईवडिलांना माहितीचा हक्क आहे. ‘लोकांना हवंय, आम्ही फक्त माहिती देतो.’ आलं ना पुन्हा ते वाक्य?

आपल्याकडे आज कायदा काय म्हणतो? २०२१ च्या साहाय्यित प्रजनन कायद्यात भ्रूणचाचणीला परवानगी आहे ती माहीत असलेल्या, आधीपासून असलेल्या, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठी. उंची, बुद्धी हे आजार नव्हेत, ते बाहेर गेले. लिंगनिवडीला जबर शिक्षा आहे. हे बळ आपल्याला त्या मुंबईच्या चळवळीने मिळवून दिलं, कारण ‘हेतू विचारा’ हा धडा तिथला. पण मधुमेह? तो आजार आहे, घराण्यात चालतो, म्हणून कोणी उद्या म्हणेल की हा आनुवंशिकच. ते शब्द पुरेसे घट्ट नाहीत, आणि फट कशी सापडते हे १९९४ नंतर आपण पाहिलं. शिवाय चाचणी पुण्यात आणि माहितीची फाइल परदेशात पाठवून विश्लेषण तिकडे, हे आता अवघड राहिलेलं नाही. १९८८ चा कायदा राज्याच्या हद्दीवर अडला, हा देशाच्या हद्दीवर अडेल.

या सगळ्यात एक माणूस नेहमी मागे राहतो. भ्रूण बशीत वाढतात म्हणून आपल्याला वाटतं की बाईचं शरीर यातून सुटलं. पण जास्त भ्रूणांतून निवडायचं तर जास्त स्त्रीबीजं हवीत, म्हणजे जास्त इंजेक्शनं, पुन्हा भूल, पुन्हा सायकल. आणि उद्या मूल ‘कमी गुणांचं’ निघालं, तर चाचणी का नाही केलीस हे घरात कोणाला विचारणार? मुलगी झाली म्हणून ज्यांना बोल लावला जात होता, त्यांनाच.

म्हणून कोणी तुमच्यासमोर असा अहवाल ठेवला, तर आधी विचारा, हा एका जनुकाच्या माहीत असलेल्या दोषाचा निकाल आहे की हजारो वाट्यांची बेरीज? टक्केवारी नको, शंभर जणांत किती ते सांगा. आणि ही चाचणी केली नाही तर बाळ होण्याची शक्यता किती, तेही सांगा. हे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान काही नाही. १९८६ मध्ये ५० स्त्रीरोगतज्ज्ञांना एक साधा प्रश्न कोणीतरी जाऊन विचारला, म्हणून तो धंदा आकड्यांत दिसला आणि कायद्याची वाट मोकळी झाली. तसा प्रश्न आजच्या क्लिनिकांना विचारायची वेळ आली आहे, आणि या वेळी बीडच्या आकड्याची वाट बघायला नको.

आता तुमचे प्रश्न घेऊ.